डॅशबोर्ड, बॉनेट आणि ध्वनिक्षेपक

अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये स्टॉक कार शर्यतींचे एक वेगळेपण असे, की तेथे शर्यतीपूर्वीची प्रार्थना ही कोणा एका खेळाडूची खाजगी बाब न राहता अधिकृत कार्यक्रमाचा एक टप्पा असते. आधी एखादा धर्मगुरू ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हणतो, मग राष्ट्रगीत होते, मोठ्या शर्यतींच्या वेळी लष्करी विमाने प्रेक्षकांच्या डोक्यावरून झेपावतात आणि अखेरीस चालकांना इंजिन सुरू करण्याची आज्ञा दिली जाते. शर्यत संपल्यावर विजेता गाडीतून उतरून प्रायोजकांची नावे घेतो, यांत्रिकांचे आभार मानतो आणि अनेकदा त्याच दमात येशू ख्रिस्तालाही धन्यवाद देतो. या सगळ्यावरून चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. काहींना त्यात खेळाचा आत्मा दिसतो, काहींना प्रदर्शन दिसते, तर काहींना खेळाच्या तिकिटात धर्मोपदेशही गळ्यात घातला जात असल्यासारखे वाटते. वरवर पाहता हा वाद श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्यातला भासतो. परंतु त्यातील प्रत्यक्ष प्रसंग बारकाईने तपासले, तर श्रद्धा कोणाची आहे यापेक्षा ती कोणत्या जागेवरून व्यक्त होते आणि ती जागा कोणाच्या मालकीची आहे, हा त्यातील खरा कळीचा मुद्दा असल्याचे दिसून येते.

शर्यतीचा जन्म आणि तिची भूमी

स्टॉक कार म्हणजे मुळात कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडलेली साधी मोटारगाडी. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, उघड्या चाकांच्या फॉर्म्युला वन गाडीपेक्षा ती वेगळी, कारण सामान्य माणसाने दुकानातून विकत घ्यावी तशीच गाडी तेथे धावावी, ही या खेळामागची मूळ कल्पना होती. आज मात्र हे साम्य बाह्य रूपापुरतेच उरले असून शेव्हरोले, फोर्ड आणि टोयोटा यांच्या लोकप्रिय गाड्यांसारख्या दिसणाऱ्या कवचाखाली पोलादी नळ्यांचा खास सांगाडा आणि शक्तिशाली व्ही-८ इंजिन असते. या शर्यतींचे नियमन करणारी ‘नॅस्कार’ ही संस्था बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थापन झाली. ती आजही प्रामुख्याने फ्रान्स कुटुंबाच्या हातात असलेली खाजगी संस्था आहे आणि ही गोष्ट प्रस्तुत वादात पुढे महत्त्वाची ठरते. संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत एका हंगामात ३६ गुणांच्या शर्यती होतात. त्यांतील सर्वांत प्रतिष्ठेची ‘डेटोना ५००’ ही शर्यत १९५९पासून भरते आणि तीत चार किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर २०० फेऱ्या, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर अंतर कापले जाते.

या खेळाची पाळेमुळे अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेनेसी, अलाबामा या राज्यांत आहेत. या पट्ट्याला तेथील लोक ‘बायबल बेल्ट’ म्हणतात, कारण प्रोटेस्टंट पंथातील बॅप्टिस्ट आणि इतर इव्हँजेलिकल मंडळ्यांचा तेथील समाजजीवनावर खोल प्रभाव आहे. इव्हँजेलिकल हा प्रोटेस्टंटांमधील असा प्रवाह, की ज्यात बायबल हे अंतिम प्रमाण मानले जाते, प्रत्येकाने स्वतः येशूचा स्वीकार करून नवा जन्म घ्यावा अशी अपेक्षा असते आणि आपल्या श्रद्धेविषयी चारचौघांत साक्ष देणे हे धार्मिक कर्तव्य समजले जाते. हा शेवटचा घटक ध्यानात घेतल्याशिवाय विजयमंचावर उभा राहून येशूचे नाव घेणाऱ्या चालकाचे वर्तन समजणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने तेथे गप्प राहणे हीच कर्तव्यातली कसूर असते.

असे असले तरी शर्यत आणि चर्च यांचे नाते सुरुवातीपासून गोडीचे होते, असे मात्र नाही. डोंगराळ भागात चोरून गाळलेली दारू पोलिसांना चुकवून शहरात पोहोचवणाऱ्या तरुणांनी आपल्या गाड्यांची इंजिने वाढवली आणि त्यांच्यापैकी अनेक जण पुढे शर्यतींत उतरले. ज्युनिअर जॉन्सन हे या पिढीतील सर्वांत प्रसिद्ध नाव. घरच्या दारूच्या भट्टीच्या प्रकरणात त्यांना १९५०च्या दशकात तुरुंगवास झाला होता आणि त्याबद्दल राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांना १९८६ साली माफी दिली. दारू वर्ज्य मानणाऱ्या बॅप्टिस्ट समाजाला अशा माणसांचा खेळ, तोही उपासनेसाठी राखून ठेवलेल्या रविवारच्या दिवशी, सहज रुचणे शक्य नव्हते. म्हणूनच शर्यतीपूर्वीच्या प्रार्थनेकडे केवळ भक्तीची अभिव्यक्ती म्हणून न पाहता, एका दांडग्या व काहीशा बदनाम खेळाने आपल्याच गावच्या सभ्य समाजाशी केलेला समेट म्हणूनही पाहता येते. डेटोनाच्या धावपट्टीवर अनेक दशके प्रार्थना म्हणणारे स्थानिक बॅप्टिस्ट पाद्री हॅल मार्चमन आपल्या प्रार्थनेचा शेवट यहुदी अभिवादन ‘शालोम’ आणि ‘आमेन’ यांच्या जोडीने करीत असत; म्हणजे या प्रथेच्या आरंभीच्या रूपातही सर्वांना सामावून घेण्याची जाणीव अगदीच अनुपस्थित नव्हती.

डॅशबोर्डवरील वचन

रविवारची अडचण मात्र चालकांपुढे कायम राहिली, कारण हंगामातील बहुतेक रविवार घरापासून दूर, धावपट्टीवर जात असल्याने श्रद्धाळू चालकाला आपल्या गावच्या चर्चमध्ये जाणेच अशक्य होते. या गरजेतून १९८८ साली पाद्री मॅक्स हेल्टन यांनी डॅरेल वॉल्ट्रिप यांच्यासारख्या चालकांच्या साहाय्याने ‘मोटर रेसिंग आउटरीच’ ही संस्था उभी केली. चालक जर चर्चमध्ये येऊ शकत नसतील तर चर्चनेच त्यांच्याकडे जावे, या विचाराने ही संस्था शर्यतीच्या दिवशी गॅरेजच्या परिसरात उपासना घेऊ लागली. शिवाय इस्पितळात जखमींना भेटणे, कुटुंबीयांना धीर देणे, लग्ने लावणे आणि अंत्यविधी करणे ही कामेही तिच्या पाद्र्यांकडे आली.

या कामांतील शेवटचे काम दुर्मीळ नव्हते. मे २००० ते फेब्रुवारी २००१ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत नॅस्कारच्या तीन राष्ट्रीय मालिकांमध्ये ॲडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि डेल अर्नहार्ट असे चार चालक अपघातांत मृत्युमुखी पडले. त्यांपैकी अर्नहार्ट हे सात वेळा अजिंक्यपद मिळवलेले, आक्रमकतेसाठी प्रसिद्ध असलेले आणि चाहत्यांच्या प्रेमाचा व द्वेषाचा सारख्याच प्रमाणात विषय झालेले चालक होते. डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या पत्नी स्टीव्ही आपल्या पतीच्या गाडीत बायबलमधील वचन लिहिलेली चिठ्ठी चिकटवीत असत. पुढे अर्नहार्ट यांनीही तशी चिठ्ठी मागून घेण्यास सुरुवात केली आणि शर्यतीआधी स्टीव्हीकडून वचन घेणे हा त्यांचा नेम झाला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत त्यांची गाडी भिंतीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला, त्या दिवशीही नीतिसूत्रे या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातील, परमेश्वराच्या आश्रयाविषयीचे एक वचन त्यांच्या गाडीत होते.

ही चिठ्ठी प्रेक्षकांसाठी नव्हती, तिच्यावर कोणाचा छाप नव्हता आणि अर्नहार्ट हे जाहीरपणे धर्माविषयी बोलणाऱ्यांपैकीही नव्हते. म्हणूनच एरवी खेळातील धार्मिकतेवर कडाडून टीका करणारे चाहतेसुद्धा या प्रकाराला क्वचितच आक्षेप घेतात. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने, दुसऱ्या गाडीच्या अगदी शेपटाला लागून धावणाऱ्या माणसाने कशाचा आधार घ्यावा हे सांगण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत असते. डॅशबोर्ड ही चालकाची स्वतःची जागा होय, आणि तेथील श्रद्धेला कोणाच्याही संमतीची गरज नाही.

चमत्कार की अभियांत्रिकी

वाद सुरू होतो तो त्या श्रद्धेचा अर्थ लावताना. अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर नॅस्कारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चालकाचे डोके व मान जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाची सक्ती केली आणि २००२पासून काँक्रीटच्या भिंतींपुढे पोलाद व फेस यांपासून बनवलेले, धक्का शोषून घेणारे अडथळे बसवण्यास आरंभ झाला. तेव्हापासून या तीन मालिकांच्या शर्यतींत एकाही चालकाचा अपघाती मृत्यू झालेला नाही. याच पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२०मधील डेटोना ५०० शर्यतीच्या अखेरच्या क्षणी रायन न्यूमन यांची गाडी उलटी होऊन दुसऱ्या गाडीच्या वेगवान धडकेखाली सापडली, तेव्हा ते वाचतील असे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वाटले. तरीही दोन दिवसांनी ते आपल्या दोन मुलींचे हात धरून इस्पितळातून चालत बाहेर आले. स्वतः न्यूमन यांनी चमत्काराची भाषा वापरली आणि देशभर झालेल्या प्रार्थनांना अनेकांनी त्याचे श्रेय दिले. दुसरीकडे संशयवादी चाहत्यांनी आठवण करून दिली, की गाडीच्या छताला बळकटी देणारा जो आडवा दांडा या अपघातात उपयोगी पडला, तो न्यूमन यांच्याच आधीच्या अपघातांनंतर अनिवार्य झाला होता आणि म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जात होता. येथे लक्षणीय बाब ही, की न्यूमन स्वतः पर्ड्यू विद्यापीठाचे अभियांत्रिकी पदवीधर आहेत. म्हणजे चाहते ज्या दोन गोष्टींना एकमेकींच्या विरोधात उभे करतात, त्या एकाच माणसाच्या मनात शेजारी-शेजारी नांदत होत्या.

विजयाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. २०२१ची डेटोना ५०० शर्यत मायकेल मॅकडॉवेल यांनी जिंकली, तो सर्वोच्च मालिकेतील ३५८ शर्यतींच्या कारकिर्दीतला त्यांचा पहिला विजय होता. शेवटच्या फेरीत आघाडीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्या धुमश्चक्रीतून मॅकडॉवेल पुढे निसटले आणि त्यांनी देवाचे आभार मानले. अशा वेळी टीकाकार हमखास विचारतात, की मग भिंतीवर आदळलेल्या चालकांवर देवाची अवकृपा होती काय? या प्रश्नाला श्रद्धाळू चाहत्यांकडून मिळणारे उत्तर असे, की आभार मानणे म्हणजे देवाने पक्षपात केल्याचा दावा करणे नव्हे. हे श्रेय विजयाचे नसून जीवाचे, क्षमतेचे आणि संधीचे आहे. मॅकडॉवेल यांची गाडी २००८ साली टेक्सासमध्ये पात्रता फेरीच्या वेळी भिंतीवर आदळून पुनःपुन्हा उलटली होती व ते त्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर आले होते, हे लक्षात घेता त्यांच्या आभारांचा हा अर्थ पटण्याजोगा ठरतो. तथापि पराभूताने कॅमेऱ्यापुढे असे आभार मानल्याचे क्वचितच दिसते आणि त्याला तेथे बोलावलेही क्वचितच जाते. त्यामुळे प्रेक्षकांच्या मनात देव आणि विजय यांची जोडी पक्की होते, हा टीकाकारांचा मुद्दाही खोडून काढणे सोपे नाही. हा दोष चालकांपेक्षा माध्यमांच्या रचनेचा अधिक आहे.

बॉनेटचा बाजार

स्टॉक कार शर्यतीत गाडीचा दर्शनी पृष्ठभाग विकाऊ असतो. संघ चालवण्याचा अवाढव्य खर्च प्रायोजकांकडून येतो आणि त्याच्या बदल्यात बॉनेट, बाजू व मागचा भाग त्यांच्या नावांनी रंगवला जातो. त्यातही बॉनेट ही सर्वांत ठळक व म्हणून सर्वांत महाग जागा. सिगारेट, बिअर, धुण्याची पावडर, न्याहारीचे पदार्थ असे सर्व काही तेथे झळकून गेले आहे. तेव्हा श्रद्धा त्या जागेवर आली, की ती आपोआपच जाहिरातींच्या रांगेत जाऊन बसते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००४च्या डेटोना ५००मधील आहे. येशूच्या अखेरच्या तासांवरील मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ हा चित्रपट त्या फेब्रुवारीत प्रदर्शित होणार होता, आणि बॉबी लॅबॉन्टी यांच्या १८ क्रमांकाच्या गाडीच्या बॉनेटवर त्याची जाहिरात झळकली. ती जागा इंटरस्टेट बॅटरीज या कंपनीची होती, जिचे प्रमुख नॉर्म मिलर हे उघडपणे इव्हँजेलिकल होते, तर संघाचे मालक जो गिब्ज हे अमेरिकन फुटबॉलचे नामांकित प्रशिक्षक आणि तितकेच उघडपणे श्रद्धाळू गृहस्थ. चाहत्यांमध्ये मतभेद झाले. काहींनी या निर्णयाला धैर्य म्हटले, काहींनी एका धार्मिक कथेचा तिकीटविक्रीसाठी वापर झाल्याची तक्रार केली, तर इतरांनी विचारले, की उद्या दुसऱ्या एखाद्या धर्मावरील चित्रपटाच्या निर्मात्याने तितकेच पैसे मोजले, तर हाच संघ त्याला बॉनेट देईल काय? ती शर्यत जिंकली डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांनी, आणि त्यांच्या गाडीवर बडवायझर बिअरचे नाव होते. ज्या प्रदेशातील चर्चनी पिढ्यान् पिढ्या दारूविरुद्ध प्रवचने दिली, त्या प्रदेशाच्या खेळात येशूची कथा आणि बिअर एकाच प्रकारच्या जागेवर स्पर्धा करीत होत्या, आणि दोन्ही गाड्यांना टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही बहुधा एकाच समाजातले होते.

याउलट मॉर्गन शेपर्ड या ज्येष्ठ चालकाने कोणत्याही श्रीमंत प्रायोजकाविना, तुटपुंज्या साधनांवर चालवलेल्या आपल्या गाडीच्या बॉनेटवर वर्षानुवर्षे येशूचे नाव मिरवले. स्वतःच्या मालकीची, एरवी विकता आली असती अशी जागा त्याने श्रद्धेसाठी सोडून दिली, म्हणून धार्मिक जाहिरातींना नाके मुरडणारे चाहतेही शेपर्ड यांच्याविषयी आदराने बोलताना आढळतात. यावरून असे म्हणता येते, की बॉनेटवरील श्रद्धेचे मोल चाहते तिच्या शब्दांवरून ठरवीत नाहीत, तर ती व्यक्त करणाऱ्याने त्यासाठी काही गमावले की कमावले, यावरून ठरवतात.

ध्वनिक्षेपक कोणाचा?

तिसरी जागा ध्वनिक्षेपकाची. आणि सर्वांत तीव्र वाद तेथेच होतात, कारण तेथून होणारे भाषण एका व्यक्तीचे न राहता सर्वांच्या वतीने केलेले मानले जाते. जुलै २०११मध्ये नॅशव्हिल येथील शर्यतीपूर्वी पाद्री जो नेल्म्स यांनी गाड्यांचे निर्माते, इंजिने, इंधन आणि टायर यांची नावे घेऊन देवाचे आभार मानले, ‘टॅलाडेगा नाइट्स’ या २००६मधील विनोदी चित्रपटाची आठवण करून देणाऱ्या शब्दांत आपल्या पत्नीच्या सौंदर्याचा उल्लेख केला आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या समालोचनातील लाडक्या आरोळीने प्रार्थना संपवली. प्रेक्षक खळखळून हसले; पण पुढे अनेक श्रद्धाळूंनी ही प्रार्थनेची थट्टा असल्याचे म्हटले, तर स्वतः नेल्म्स यांनी ठरावीक साच्याच्या प्रार्थनांकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून आपण वेगळी वाट धरल्याचे सांगितले. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहणाऱ्या मराठी वाचकाला यंत्राबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यात काही वावगे वाटणार नाही. मात्र प्रोटेस्टंट परंपरेत पवित्र आणि व्यावहारिक यांच्यातील रेषा वेगळ्या ठिकाणी आखलेली असल्याने, देवाशी बोलताना टायरच्या कंपनीचे नाव उच्चारणे तेथे अनेकांना खटकले. या प्रसंगात विरोधकांचा मोठा गट अश्रद्धांचा नव्हता, तर श्रद्धाळूंचा होता.

एप्रिल २०१६मध्ये टेक्सासमध्ये झालेल्या शर्यतीचा वाद अधिक गंभीर होता. त्या शर्यतीला ‘डक कमांडर’ या शिकारीची साधने बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिलेले होते आणि प्रार्थनेचा मान त्या कंपनीचे संस्थापक व दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध व्यक्ती फिल रॉबर्टसन यांना मिळाला. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे ते वर्ष होते, आणि रॉबर्टसन यांनी येशूला मानणारा माणूस व्हाइट हाउसमध्ये जावा, अशी प्रार्थना केली. येथे प्रायोजकाची जागा आणि संस्थेची जागा एकच झाली. ज्याने शर्यतीचे नाव विकत घेतले होते, त्याच्याच हाती सर्वांच्या वतीने देवाशी बोलण्याचा ध्वनिक्षेपक आला आणि त्याने त्यावरून राजकीय इच्छा व्यक्त केली. शर्यतीपूर्वीच्या प्रार्थनेचे समर्थक असलेल्या चाहत्यांपैकीही काहींना हे पटले नाही, कारण त्यांना प्रार्थना हवी होती, प्रचार नको होता.

येथे स्वाभाविकपणे कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार शासनाला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळाही आणता येत नाही. या दोन बाजूंमधील ताण खेळाच्या मैदानावर वारंवार प्रकट झाला आहे. सरकारी शाळेच्या फुटबॉल सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून विद्यार्थ्याने प्रार्थना म्हणण्याची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने २००० साली टेक्सासमधील एका प्रकरणात घटनाबाह्य ठरवली. तर २०२२ साली त्याच न्यायालयाने, सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातील सरकारी शाळेच्या प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही निकाल सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने झाले. नॅस्कार मात्र खाजगी संस्था असल्यामुळे यांतील कोणतेही बंधन तिच्यावर येत नाही. तिने प्रार्थना ठेवावी की नाही, हा सर्वस्वी तिचा अधिकार आहे. परिणामी चाहत्यांच्या या वादाला न्यायालयात उत्तर नाही आणि तो औचित्याच्या पातळीवरच लढवावा लागतो.

एकच माप

औचित्याची सर्वांत कठोर कसोटी म्हणजे समान माप. अमेरिकन फुटबॉलपटू टिम टीबो यांनी २०११च्या हंगामात मैदानावर एका गुडघ्यावर बसून प्रार्थना केली, तेव्हा त्या आसनाचे देशभर अनुकरण झाले. त्याआधी महाविद्यालयीन सामन्यात डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील वचनाचा क्रमांक लिहिला होता, आणि पुढे महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने अशा पट्ट्यांवरील सर्वच मजकुराला बंदी घातली. दुसरीकडे बास्केटबॉलपटू महमूद अब्दुल-रऊफ यांनी १९९६ साली इस्लामी श्रद्धेचे कारण देऊन राष्ट्रगीताला उभे राहण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना निलंबित करण्यात आले आणि उभे राहून मनातल्या मनात प्रार्थना करण्याच्या तडजोडीवर त्यांचे पुनरागमन झाले. २०१४ साली हुसेन अब्दुल्ला या फुटबॉलपटूने गुण मिळवल्यावर सजदा केला, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून नमन केले, तेव्हा पंचांनी त्याच्या संघाला दंड केला. दुसऱ्या दिवशी फुटबॉल लीगने हा दंड चुकीचा असल्याचे मान्य केले. नियम सर्वांसाठी एकच असला, तरी पंचाची नजर कोणत्या नमनाला सरावलेली आहे, यावर त्याची अंमलबजावणी अवलंबून राहते, हे या घटनेने उघड केले.

स्टॉक कार शर्यतींच्या संदर्भात हीच कसोटी गुडघे टेकण्याच्या प्रश्नावर लागली. सप्टेंबर २०१७मध्ये वर्णद्वेषाचा निषेध म्हणून फुटबॉलपटू मोठ्या संख्येने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघे टेकत होते, तेव्हा रिचर्ड पेटी आणि रिचर्ड चिल्ड्रेस या ज्येष्ठ संघमालकांनी आपल्याकडील कोणी तसे केल्यास त्याला काढून टाकू, असे बजावले. जून २०२०मध्ये मात्र नॅस्कारने आपल्या मैदानांवर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा ध्वज फडकवण्यास बंदी घातली. मैदानावर कोणते चिन्ह चालेल आणि कोणते चालणार नाही हे संस्था ठरवू शकते आणि ठरवतेच, हे या निर्णयाने स्पष्ट केल्यामुळे, प्रार्थना ही केवळ परंपरेने आपोआप चालत आली आहे, हा बचावही दुर्बळ झाला. जे टिकते ते टिकवले जाते म्हणून टिकते.

ख्रिस्ती धर्मग्रंथातही या वादाची दोन्ही टोके सापडतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात दिवा झाकून न ठेवता सर्वांना दिसेल असा ठेवावा, अशी शिकवण आहे, तर सहाव्या अध्यायात लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांचा निषेध करून दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे. विजयमंचावरील चालक पहिल्या शिकवणीचा आधार घेतो आणि त्याचा श्रद्धाळू टीकाकार दुसरीचा.

भारतीय मैदान

भारतीय वाचकाला हा खेळ दूरचा वाटला, तरी प्रश्न दूरचा नाही. नारायण कार्तिकेयन या भारतीय चालकाने २०१० साली नॅस्कारच्या ट्रक मालिकेत भाग घेऊन त्या मालिकेतील सर्वाधिक लोकप्रिय चालकाचा मान मिळवला होता. परंतु त्याहून निकटचा संबंध क्रिकेटचा आहे. २ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर श्रीलंकेविरुद्ध पाच बळी घेतल्यावर मोहम्मद शमी गुडघ्यांवर बसला, तेव्हा त्याला सजदा करायचा होता पण तो थांबला, अशी चर्चा झाली आणि पुढे स्वतः शमीला, आपल्याला करायचा असता तर कोणी अडवले असते, असे विचारावे लागले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेणाऱ्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने येशूचे आभार मानले, तेव्हा कौतुकाबरोबर तिच्या वाट्याला टोमणेही आले. वास्तविक मैदानात उतरताना मातीला नमस्कार करणारे, गळ्यातील ताईत कपाळाला लावणारे किंवा विजयानंतर देवदर्शनाला जाणारे खेळाडू भारतीय प्रेक्षकाला नवे नाहीत, आणि त्यांच्याविषयी असे वाद सहसा होत नाहीत.

स्टॉक कार शर्यतींच्या अनुभवातून हाती येणारे निकष येथेही लागू पडतात. खेळाडूने स्वतःच्या कृतीने किंवा स्वतःच्या तोंडून व्यक्त केलेली श्रद्धा ही त्याच्या डॅशबोर्डवरील चिठ्ठीसारखीच त्याची स्वतःची असते आणि ती कोणत्या धर्माची आहे यावरून तिचे मोजमाप बदलता कामा नये. श्रद्धा विकत घेतलेल्या जागेवर आली, की तिला जाहिरातीचे नियम लागतात आणि प्रेक्षकाला तिची चिकित्सा करण्याचा हक्क मिळतो. ती संस्थेच्या ध्वनिक्षेपकावर आली, की मात्र त्या मैदानात बसलेल्या प्रत्येकाच्या वतीने बोलण्याची जबाबदारी तिच्यावर पडते, आणि ती पेलणे सर्वांत कठीण असते. चाहत्यांचे बहुतेक वाद चिघळतात ते या तीन जागांची सरमिसळ झाल्यामुळे. एक बाजू संस्थेच्या प्रार्थनेवरील आक्षेपाला चालकाच्या श्रद्धेवरील हल्ला समजते, तर दुसरी बाजू चालकाच्या दोन वाक्यांच्या आभारांना संस्थेची सक्ती समजते. त्यामुळे श्रद्धाळूंनी ध्वनिक्षेपकाविषयी थोडा अधिक संकोच आणि टीकाकारांनी डॅशबोर्डविषयी थोडी अधिक उदारता बाळगली, तर या वादातील निम्मे भांडण तरी अनावश्यक ठरेल.